पहिलाच अंक चोविसावा कसा?

जुनं अमेरिकन रोमान्स कॉमिक हाती आलं की नजर आधी मुखपृष्ठावरच्या आकड्याकडे जाते आणि तिथेच फसगत होते. ‘माय लव्ह सीक्रेट’ 24व्या अंकापासून सुरू झालं, ‘आय लव्हड’ 28व्या आणि ‘लव्हर्स’ 23व्या. आधीचे अंक गहाळ झालेले नाहीत. त्या नावाने ते निघालेच नव्हते.

किशोरवयीन विनोदी कॉमिक्स रोमान्स कॉमिक्सपेक्षा थोडी जुनी. विल्बर सप्टेंबर 1941च्या ‘झिप कॉमिक्स’मध्ये आला, आर्ची त्यानंतर तीन महिन्यांनी ‘पेप कॉमिक्स’च्या 22व्या अंकात, दोघेही सुपरहिरोंच्या अंकांतली पानं भरायला. युद्ध संपल्यावर सुपरहिरोंचा खप उतरला आणि हीच पोरं पुढे आली. 1945 मध्ये ‘मिली द मॉडेल’ सुरू झालं. सप्टेंबर-ऑक्टोबर 1947च्या तारखेचं ‘यंग रोमान्स’ हे पहिलं रोमान्स कॉमिक मानलं जातं. ते काढणाऱ्या जो सायमन आणि जॅक कर्बी या जोडगोळीचंच ‘माय डेट’ त्याआधी जुलैत आलं होतं, म्हणून काही जण पहिलेपणाचा मान त्याला देतात. तो मान त्याचा नव्हे. ‘माय डेट’मध्ये पोरांची फजिती आहे, ‘यंग रोमान्स’मध्ये नायिका स्वतःच्या तोंडाने आपली चूक कबूल करते. पुढे सगळ्या धंद्याने उचलला तो हा कबुलीजबाब.

1949 मध्ये जो तो प्रकाशक यात उतरला. 1950च्या सुरुवातीला बाजारात शंभरावर रोमान्स शीर्षकं होती आणि त्याच वर्षी त्यातली कित्येक बंदही पडली. आकड्यांचा घोळ या घाईतला आहे. अमेरिकेत नियतकालिकांना टपालाचा ‘सेकंड क्लास’ हा स्वस्त दर मिळे. त्यासाठी प्रत्येक शीर्षकाची वेगळी नोंदणी आणि वेगळं शुल्क लागे. मग नवं मासिक काढण्यापेक्षा पडेल मासिकाचं नाव बदलायचं आणि क्रमांक पुढे चालू ठेवायचा, हा सोपा मार्ग. ‘फँटम लेडी’ 23व्या अंकावर थांबली आणि 24व्याला ‘माय लव्ह सीक्रेट’ झाली. जंगलराणी ‘रूला’ 27व्या अंकानंतर ‘आय लव्हड’ झाली. ‘मीट कॉर्लिस आर्चर’ हे तर किशोरवयीन विनोदी कॉमिक. तीन अंकांनंतर चौथा ‘माय लाइफ’ या नावाने रोमान्स म्हणून निघाला.

एक लांब साखळी अशी: 1947चं ‘मून गर्ल अँड द प्रिन्स’, दुसऱ्या अंकापासून नुसतं ‘मून गर्ल’, सातव्या-आठव्याला ‘मून गर्ल फाइट्स क्राइम’, नऊ ते बारा ‘अ मून, अ गर्ल... रोमान्स’ आणि 1950 मध्ये तेराव्याला ‘विअर्ड फँटसी’. सुपरहिरोइन, गुन्हेगारी, प्रेम, विज्ञानकथा, आणि क्रमांक एकच!

टपालखर्च हेच यामागचं कारण होतं का, यावर वाद आहे. दुसरी बाजू म्हणते, विक्रेते अनोळखी ‘अंक 1’ मांडायला नाखूश असत, मोठा आकडा म्हणजे मासिक स्थिरावलेलं. हे खरं असेलही, पण टपालाचं पारडं जड आहे. ‘विअर्ड फँटसी’च्या 17व्या अंकानंतर थेट 6वा निघाला. तेरा ते सतरा हे प्रत्यक्षात पाचच अंक; टपाल खात्याने स्वतंत्र नोंदणी करायला लावल्यावर पुढचा सहावा ठरला. त्या स्वस्त दराची आणखी एक खूण आतल्या पानांत दिसते. निव्वळ चित्रं चालत नसत, म्हणून प्रत्येक अंकात दोनेक पानं मजकुराची गोष्ट असे. पुढे ती जागा वाचकांच्या पत्रांनी घेतली.

त्यामुळे जुना अंक ओळखताना मुखपृष्ठावर विसंबू नये. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला किंवा पहिल्या पानाच्या तळाशी बारीक टायपात प्रकाशनाचा तपशील असतो. शीर्षक, क्रमांक, महिना तिथला धरावा. छापलेला महिना विक्रीच्या दिवसापेक्षा साधारण दोन-तीन महिने पुढचा असतो. मग पानं मोजावीत. बत्तीस पानांच्या अंकात दुमडलेले आठ कागद असतात. मधला कागद पिनांतून सुटून गेला की चार पानं जातात आणि वरवर चाळताना कळत नाही. ‘केटी कीन’मध्ये कापून खेळायच्या कागदी बाहुल्या असत, त्यामुळे कात्री लागलेले अंक बरेच मिळतात. कूपन कापलं असेल तर पान उलटून बघावं, मागची चौकटही गेलेली असते. स्वस्त आम्लधर्मी कागद कडांपासून पिवळा पडून ठिसूळ होतो.

ऑक्टोबर 1954च्या ‘कॉमिक्स कोड’ने, म्हणजे कॉमिक प्रकाशकांनी स्वतःच घालून घेतलेल्या नियमावलीने, प्रेमकथेत घराचं आणि विवाहाचं पावित्र्य ठसवावं, असं बंधन घातलं. 1955च्या सुरुवातीच्या तारखांपासून मुखपृष्ठावर तिचा शिक्का दिसतो. कबुलीजबाबातली चूकच गेली आणि गोष्टी मिळमिळीत झाल्या, हे मोठं नुकसान. विनोदी पोरांना झळ बसली नाही. 1969 मध्ये ‘आर्ची’च्या दर अंकाच्या सरासरी 5 लाख 15 हजारांवर प्रती खपल्या. ‘यंग रोमान्स’ने 1963 मध्ये प्रकाशक बदलला तरी 124 नंतर 125च आला आणि 1975च्या अखेरीस 208व्या अंकावर ते संपलं.

आपल्याकडे फुटपाथवर आणि रद्दीच्या दुकानात मिळतात ती बहुतेक आर्चीची डायजेस्ट. त्यांत जुन्या गोष्टी मूळ तारखेविना पुन्हा छापलेल्या असतात; वरचा आकडा डायजेस्टचा, गोष्टीचा नव्हे.