वादळं मोजून धोका कळत नाही
'तापमानवाढ म्हणजे दरवर्षी जास्त चक्रीवादळं' हे वाक्य इतक्यांदा फॉरवर्ड झालंय की ते खरंच वाटू लागलंय. आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा, अंदाज वेगळा आहे: जगभरातली एकूण संख्या घटेल किंवा साधारण तेवढीच राहील, वाढेल ते त्यांतल्या अतितीव्र वादळांचं प्रमाण, आणि त्यांचा पाऊस.

याच्याच पोटातला दुसरा गैरसमज: वादळ थेट अंगावर आलं नाही, तर बेट वाचलं. मार्च 2015 मध्ये 'पॅम' हे चक्रीवादळ प्रशांत महासागरातल्या वानुआटू या द्वीपदेशावर ताशी सुमारे 250 किलोमीटरच्या वाऱ्यांसह आदळलं. तुवालू हा दुसरा द्वीपदेश तिथून हजाराहून जास्त किलोमीटर लांब, तरी तिथे लाटा घुसल्या. तिथल्या नुई बेटावर लोक गोड्या पाण्यापर्यंत खड्डे खणून त्यांत पुलाका लावतात. आपल्या अळूचाच थोरला भाऊबंद. त्या खड्ड्यांत खारं पाणी भरलं. पीक मिठाने गेलं.

त्यामुळे नकाशावर वादळांचे मार्ग मोजून भागत नाही. शिवाय उपग्रहांच्या नोंदी जेमतेम पाचेक दशकांच्या, म्हणून शास्त्रज्ञ संगणकावर हजारो वर्षांची कृत्रिम वादळं चालवून पाहतात. वर वाढती समुद्रपातळी धरायची: जमीनच दोन-तीन मीटर उंच असेल तिथे उद्या मध्यम वादळाची लाटही घरात येते.