दोन जहाजं, एक नाव: ‘दिल्ली’ची पार्श्वभूमी

आयएनएस दिल्ली म्हटलं की आज डोळ्यांसमोर येते ती डी-६१ ही विनाशिका, माझगाव गोदीत बांधलेली आणि १५ नोव्हेंबर १९९७ रोजी नौदलात दाखल झालेली. पण हे नाव तिच्यापाशी आलं ते थेट शहरावरून नव्हे. त्याआधी तीस वर्षं ते एका क्रूझरने, म्हणजे लांब पल्ल्याच्या मोठ्या तोफांच्या युद्धनौकेने, मिरवलं होतं, आणि त्या क्रूझरचा जन्म तर भारताबाहेरचा, नावही वेगळं.

तिचं मूळ नाव ‘अकिलीझ’. इंग्लंडमधल्या बर्कनहेडच्या कॅमेल लेअर्ड गोदीत १ सप्टेंबर १९३२ रोजी तिचं जलावतरण झालं. पुढे ती न्यूझीलंडच्या ताफ्यात गेली आणि तिच्यावरचे निम्म्याहून अधिक खलाशी त्याच देशाचे होते. १३ डिसेंबर १९३९ च्या पहाटे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापुढे, प्लेट नदीच्या मुखाबाहेर, ‘एजॅक्स’ आणि ‘एक्सेटर’ या ब्रिटिश क्रूझरच्या जोडीने तिने जर्मन युद्धनौका ‘अ‍ॅडमिरल ग्राफ श्पे’ला गाठलं. लढत बरोबरीची नव्हतीच. अकिलीझच्या सहा इंची तोफेचा गोळा साधारण ५० किलोंचा, तर समोरून येणारा अकरा इंची गोळा ३०० किलोंचा.

एक गोळा जहाजाला न लागता जवळच पाण्यावर फुटला, तरी तोफांचा नेम धरणाऱ्या नियंत्रण मनोऱ्यात पोलादाचे तुकडे घुसले. त्या लढाईत अकिलीझवरचे चौघे मरण पावले. कप्तान एडवर्ड पॅरी यांच्या पायांत तुकडे शिरले, तरी ते ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातून, हलले नाहीत आणि जहाजाने पाठलाग सोडला नाही. ग्राफ श्पेने माँटेव्हिडिओ बंदरात आसरा घेतला आणि १७ डिसेंबरला तिच्याच कप्तानाने ती बंदराबाहेर नेऊन बुडवली. पॅरींचं नाव लक्षात ठेवायला हवं, कारण ते पुन्हा येणार आहे.

१९४३ च्या जानेवारीत प्रशांत महासागरातल्या ग्वाडलकनाल बेटाजवळ जपानी बॉम्बने अकिलीझचा मागचा एक तोफबुरूज निकामी केला आणि तेरा जणांचा बळी घेतला. दुरुस्तीत तो बुरूज काढूनच टाकला गेला. युद्ध संपल्यावर ब्रिटनला एवढ्या क्रूझर पोसणं जमेना आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या भारताला तर मोठं लढाऊ जहाज हवंच होतं. ५ जुलै १९४८ रोजी ती ‘एचएमआयएस (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) दिल्ली’ म्हणून आपल्याकडे आली. २६ जानेवारी १९५० पासून तिच्या नावामागे ‘आयएनएस’ लागलं.

आणि ऑगस्ट १९४८ मध्ये भारतीय नौदलाचे प्रमुख म्हणून आले ते हेच पॅरी, आता व्हाइस अ‍ॅडमिरल झालेले. ज्या जहाजाच्या ब्रिजवर ते जखमी झाले होते, तेच जहाज आता त्यांच्या ताफ्याची प्रमुख नौका होतं. इतिहासात असे योग फार क्वचित जुळून येतात.

मला मात्र या दिल्लीचं खरं मोल तिच्या तोफांपेक्षा तिच्यावर घडलेल्या माणसांत दिसतं. भारताने ती घेतली तेव्हा कार्यकारी अधिकारी होते राम दास कटारी. एप्रिल १९५८ मध्ये तेच पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. फर्स्ट लेफ्टनंट होते सरदारीलाल नंदा. १९७१ मध्ये कराचीवर क्षेपणास्त्र नौका धाडल्या गेल्या तेव्हा नौदलाचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. आपल्या नौदलासाठी ती तरंगती शाळाच होती.

बाकी सेवाही रंगीत आहे. जून १९५० मध्ये पंडित नेहरू कन्या इंदिरा यांच्यासह याच जहाजाने इंडोनेशियाला गेले. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकानिमित्त इंग्लंडमधल्या स्पिटहेडला झालेल्या नौदल संचलनात ती होती. १९५६ मध्ये प्लेटच्या लढाईवर ब्रिटिश चित्रपट निघाला, त्यात अकिलीझची भूमिका तिने स्वतःच केली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण आणि दीव मुक्त करताना दीवच्या किल्ल्यावर तिच्या तोफा चालल्या. ३० जून १९७८ रोजी मुंबईत ती निवृत्त झाली.

नऊ वर्षांनी नाव पुन्हा चर्चेत आलं. १४ नोव्हेंबर १९८७ ला, म्हणजे नेहरूंच्या जयंतीदिनी, माझगाव गोदीत प्रकल्प-१५ च्या पहिल्या विनाशिकेचा तळकणा (जहाजाच्या बांधणीचा पाया) घातला गेला. १ फेब्रुवारी १९९१ रोजी जलावतरण झालं आणि त्याच वर्षअखेर सोव्हिएत संघ फुटला. गॅस टर्बाइन युक्रेनची, शस्त्रं रशियाची. काल एकच असलेला पुरवठादार आज वेगवेगळ्या देशांत विखुरला. पाण्यात उतरलेल्या जहाजाला नौदलात यायला पावणेसात वर्षं लागली, त्यामागचं मोठं कारण हेच. तरीही १६३ मीटर लांबीची, सोळा उरान ही जहाजविरोधी क्षेपणास्त्रं आणि दोन हेलिकॉप्टर वाहणारी ही विनाशिका उभी राहिली, आणि तोवर देशात बांधलेली ती सर्वांत मोठी युद्धनौका ठरली. जुन्या दिल्लीपेक्षा ती जेमतेम सहा मीटरनेच आखूड आहे. तिच्या बहिणी म्हैसूर आणि मुंबई. म्हैसूर हे नावही एका जुन्या क्रूझरकडूनच आलेलं.

१९९९ मध्ये कारगिल युद्धाच्या वेळी नौदलाच्या ‘ऑपरेशन तलवार’मध्ये ती अरबी समुद्रात तैनात होती. एप्रिल २०२२ मध्ये आधुनिकीकरणानंतर तिच्यावरून ब्राह्मोस डागण्यात आलं.

जुनी दिल्ली भंगारात गेली, पण संपूर्ण नाही. तिचा एक तोफबुरूज भारताने न्यूझीलंडला भेट दिला. ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळाच्या प्रवेशद्वाराशी तो आजही उभा आहे.