ॲनिमेशनपट : प्रेक्षकवर्गानुसार तुलना

एकेक चौकट स्वतंत्रपणे टिपून हालचालीचा भास निर्माण करणाऱ्या पटांचा, ते कोणासाठी काढले गेले या अंगाने केलेला अभ्यास. बालप्रेक्षक, कुटुंब आणि प्रौढ अशी ढोबळ विभागणी रूढ आहे. ती रेखाटनाच्या शैलीवरून करण्याची सवय मात्र भरवशाची नाही. गोल चेहरे व भडक रंग दिसले की पट मुलांचा, हा आडाखा जपानी पटांपाशी हमखास फसतो. कथेचा कोणता भाग घेतला, निवेदन कोणाकडे सोपवले आणि पट कोठे दाखवला, या बाबी अधिक निर्णायक मानाव्यात.

भारतात या तंत्राचा आरंभ बहुतेक अभ्यासक दादासाहेब फाळके यांच्याकडे नेतात. त्यांची कोणती कृती पहिली मानावी, याबद्दल मात्र मतभेद आहेत. कुंडीत रुजणाऱ्या वाटाण्याचे रोज थोडेथोडे चित्रण करून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. त्याचा काळ कोठे १९१०, तर कोठे १९१२ दिला जातो. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) साठी भांडवल उभे करताना तो दाखवला गेला, हे लक्षात घेता १९१२ च्या सुमाराचा काळ अधिक पटतो. पण येथे रोप आपले आपण वाढते. छायाचित्रकार फक्त काळ आवळतो. ‘आगकाड्यांची मौज’ (सु. १९१५) मध्ये निर्जीव काड्या हाताने सरकवून प्रत्येक स्थिती टिपली होती, म्हणून काटेकोर अर्थाने पहिलेपणाचा मान या पटाला देणे योग्य. वाटाण्याचा पट ज्यांच्यासाठी होता ते प्रेक्षक म्हणजे पैसे घालणारी प्रौढ मंडळी. मुलांचा विचार त्यात कोठेच नव्हता, ही गोष्ट पहिलेपणाच्या वादात सहसा विसरली जाते. बोलपटाच्या काळात तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. प्रभातचा ‘जंबूकाका’, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा ‘द पी ब्रदर्स’ आणि ‘ऑन अ मूनलिट नाइट’ हे तिन्ही पट १९३४ चे सांगितले जातात व त्यांचा क्रम प्रत्येक लेखक आपापल्या पसंतीने लावतो.

तुलनेसाठी एकच कथानक घेणे सोयीचे पडते, आणि सांगलीत बसून ते निवडायचे तर सीतेची कथा साहजिकच पुढे येते. कर्नाटकातील भागवत मेळ्यांचे खेळ पाहिल्यावर सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसा मराठी खेळ रचण्यास सांगितले. त्यातून ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ सांगलीत सादर झाले. सूत्रधार पदे गाऊन कथा पुढे नेई, पात्रे आयत्या वेळी सुचेल ते बोलत, विदूषक मध्येच फाटे फोडी. राक्षसांच्या आरोळ्यांवरून अशा नाटकांना पुढे ‘अललडुर्र’ असे हिणवले गेले. भाव्यांनी लाकडी कळसूत्री बाहुल्याही बनवल्या होत्या. त्यांचे जतन पुढे रामदास पाध्ये यांनी केले. या बाहुल्यांना ॲनिमेशनचे पूर्वज म्हणणे ओढूनताणून होईल. त्याच न्यायाने आजच्या सातारा जिल्ह्यातील औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे ‘चित्ररामायण’ (१९१६) हीही स्थिर चित्रांची मालिकाच होय.

युगो साको, कोइची सासाकी व राम मोहन यांनी दिग्दर्शित केलेला ‘रामायण : द लीजंड ऑफ प्रिन्स रामा’ (१९९३) हा कुटुंबासाठीचा पट. युद्ध संपवून मंडळी अयोध्येला परततात व कथा थांबते; उत्तरकांड त्यात नाही. नीना पेली यांचा ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ (२००८) मात्र त्या वगळलेल्या भागापर्यंत जातो : सीतात्याग, वनवासातील मातृत्व, धरणीने पोटात घेणे. छायाबाहुल्यांच्या रूपातील तीन निवेदक तपशिलांवरून आपसांत हुज्जत घालतात. यात आधुनिक विडंबन पाहणारे समीक्षक आहेत. भाव्यांचा सूत्रधार-विदूषक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रीत नवी वाटू नये. लहान मूल निवेदक सांगेल ते खरे मानते, प्रौढ प्रेक्षक निवेदकावर संशय घेण्याची मजा लुटतो. दोन पटांमधला खरा भेद येथे आहे, चित्रांत नाही.

जपानमध्ये शोनेन (मुलगे), शोजो (मुली), सेइनेन (तरुण पुरुष), जोसेइ (स्त्रिया) हे वर्ग मुळात चित्रकथा ज्या नियतकालिकात छापली जाते त्याच्या वाचकांवरून पडतात. तरी प्रदर्शनात ते पाळले जातातच असे नाही. ‘माय नेबर तोतोरो’ आणि युद्धातील अनाथ भावंडांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हे पट एप्रिल १९८८ मध्ये एकाच खेळात जोडीने दाखवले गेले. उलट दिशेचे उदाहरण ‘शिन-चान’चे. योशितो उसुई यांची ही चित्रकथा १९९० मध्ये प्रौढांच्या साप्ताहिकात सुरू झाली. भारतात २००६ पासून तिच्यावरची ॲनिमेशन मालिका मुलांच्या वाहिनीवर, प्रामुख्याने हिंदीतून, आली. पालकांच्या तक्रारींनंतर २००८ च्या अखेरीस प्रसारण थांबले आणि पुढच्या वर्षी काटछाट होऊन पुन्हा सुरू झाले. सातारा-सांगलीकडच्या घरांत ‘शिन-चान’ पोरांचेच कार्टून समजले जाते.

भारतात चित्रपटगृहांसाठी ‘यू’ (सर्वांसाठी), ‘यूए’ (मुलांसाठी पालकांच्या देखरेखीखाली), ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) व ‘एस’ (विशिष्ट वर्गासाठी) ही प्रमाणपत्रे आहेत. २०२३ च्या सुधारणेने ‘यूए’चे ७, १३ व १६ वर्षे असे टप्पे केले. पुसेगाव, म्हसवड यांसारख्या यात्रांतील चित्रपटाच्या तंबूत सहकुटुंब आलेल्या गर्दीपुढे असल्या वर्गवारीला पूर्वीही फारसा अर्थ नसे. दूरचित्रवाणीवरील मालिका केबल नियमावलीतील (१९९४) कार्यक्रमसंहितेखाली येतात. मुलांना अयोग्य असे कार्यक्रम मुले अधिक संख्येने पाहतात त्या वेळी दाखवू नयेत, असे ती सांगते.