पार्श्वभूमी : उणे ३२५ मिलिमीटर पाऊस कुठून आला?

आषाढातल्या एका रात्री रत्नागिरीत पावसाने झोडपून काढलं. सकाळी कॉलेजच्या गच्चीवर मुलांनी बसवलेला पर्जन्यमापक सांगत होता, उणे ३२५.३६ मिलिमीटर. सेन्सर गेला असं समजून मुलं तो खोलायला निघाली, पण तो ठणठणीत होता. ०.२ मिमी पाऊस झाला की आतली चिमुकली बादली कलंडते. रात्रभरात ती १६५० वेळा कलंडली होती. म्हणजे खरा पाऊस ३३० मिमी. कोड मिलिमीटरचे शंभरावे भाग मोजायचा : १६५० गुणिले २०, म्हणजे ३३,०००. लॅपटॉपवर ‘इंट’, म्हणजे सी भाषेत पूर्णांक ठेवायचा डबा, ३२ बिटांचा, तिथे गणित बरोबर आलं. गच्चीवरच्या आर्दुइनो उनो या छोट्या संगणक-बोर्डाचा ‘इंट’ १६ बिटांचा, त्याची धाव ३२,७६७ पर्यंत. पुढची संख्या उलटून उणे झाली.

याचं मूळ पन्नास वर्षांमागे आहे. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास सी भाषा घडवली ती पीडीपी-११ या १६ बिटी यंत्रावर. ‘इंट’ म्हणजे त्या त्या यंत्राला सोयीचा पूर्णांक, एवढीच कल्पना. मग ३२ बिटी व्हॅक्स संगणक आला. त्यावर इंट, लाँग (मोठ्या पूर्णांकाचा डबा) आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता) तिघेही एकाच मापाचे, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा वापरायची सवय लागली. सी भाषेच्या १९८९ च्या अमेरिकन मानकानेही फक्त किमान माप ठरवलं : इंट निदान १६ बिट, लाँग निदान ३२. लहान यंत्रांवर सी टिकली ती या मोकळीकीमुळेच, त्यामुळे मी त्याला चूक म्हणणार नाही. आपल्याकडे डॉसवरच्या टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरवर शिकलेल्या पिढीच्या डोक्यात मात्र इंट दोन बाइटचा (१६ बिट) बसला, पुढच्यांच्या डोक्यात चार.

१९९२ मध्ये ६४ बिटी अल्फा प्रोसेसर आला आणि पॉइंटर इंटमध्ये कोंबणारे प्रोग्राम कोसळू लागले. पुढे ६४ बिटी युनिक्स, लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा झाला, विंडोजवर तो ३२ च राहिला. तेव्हा लाँगचाही भरवसा नाही. सी९९ ने, म्हणजे सीच्या १९९९ च्या मानकाने, ‘इंट३२_टी’सारखे प्रकार दिले, ज्यांच्या नावातच रुंदी असते.

मुलांनी आधी डावीकडचा, म्हणजे उत्तर साठवणारा व्हेरिएबल तेवढा ‘इंट३२_टी’ केला, तरी आकडा उणेच. कारण टिपांची, म्हणजे बादली कलंडण्याची, संख्या आणि २० दोन्ही इंट. गुणाकार १६ बिटांतच उरकतो, रुंद डब्यात पडतं ते आधीच बिघडलेलं उत्तर. गुणण्याआधी टिपांची संख्या ‘इंट३२_टी’मध्ये बदलली, तेव्हा ३३०.०० उमटलं.

मग आम्ही चाचणीला २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा पाऊस घेतला, २४ तासांत ९४४ मिमी, म्हणजे ४७२० टिपा. जुन्या कोडने उनोवर दाखवलं २८८.६४. उणे चिन्ह नाही आणि कोकणात सहज पटेल असा आकडा. ती चाचणी आता कोडासोबतच ठेवली आहे. बोर्ड बदलला की आधी तीच चालवतात.