जुन्या रहस्यकथा परत छापायच्या तर: साठ वर्षांच्या हिशोबामागचा इतिहास

सोलापुरात जुन्या रहस्यकथा, भयकथा आणि वेताळच्या, म्हणजे फँटमच्या कॉमिक्सच्या, अंकांवर जीव असलेली चार माणसं भेटली की विषय फिरून एकाच ठिकाणी येतो, ही पुस्तकं परत कोण छापणार आणि छापली तर चालेल का. पूर्वी हा प्रश्न पैशाचा होता. हजार प्रती काढल्याशिवाय प्रेसवाला हात लावत नव्हता. आता प्रिंट ऑन डिमांडवाले, म्हणजे मागणीपुरतंच छापणारे, पन्नास प्रतीसुद्धा काढून देतात, त्यामुळं गाडी अडते ती हक्कांवर, आणि हक्क म्हणलं की प्रत्येकजण वेगळं सांगतो. कुणी म्हणतं प्रकाशन बंद पडलं म्हणजे हक्क संपले, कुणी म्हणतं पन्नास वर्षं झाली की मोकळं, कुणीही छापा. दोन्ही चूक आहे. ते कसं, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. झुंजार आणि काळा पहाड हे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे नायक, त्यांच्याबद्दल इथं जास्त सांगत बसत नाही.

ही पुस्तकं विकत घेऊन वाचणारे कमीच होते. ती भाड्यानं फिरायची. पेठापेठांत छोट्या लायब्र्या होत्या, अनामत ठेवायची, दिवसाला काही पैसे भाडं, आणि उशीर झाला की जास्तीचं. सार्वजनिक वाचनालयात कथा-कादंबऱ्या मिळायच्या पण रहस्यकथेला तिथं जरा खालचीच जागा, घरीपण अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायची ती. तेव्हा सोलापूर गिरण्यांचं गाव होतं, जुनी गिरणी १८७७ ला सुरू झालेली, पाळीवरनं आलेला माणूस, कॉलेजचं पोरगं आणि दुपारी घरात मोकळी झालेली बाई, तिघं एकच प्रत वाचायचे. स्टेशनवरच्या स्टॉलला हिंदी कॉमिक्स लटकलेली असायची, नागराज १९८६ ला आला, ध्रुव १९८७ ला, आणि मद्रासकडं जाणारी गाडी येईपर्यंत आम्ही ती उभ्या उभ्या वाचून संपवायचो. वेताळचे अंक काढणारं इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला सुरू होऊन १९९० ला बंद पडलं, ते बंद पडल्याचं दुःख आमच्यातल्या काहींना अजून आहे.

अशा लायब्रीतली एक प्रत आत्ता समोर आहे. खाकी पुठ्ठ्याची बांधणी, शिलाई इतकी आत घेतलीय की डाव्या पानावरच्या ओळींची शेवटची अक्षरं आत गेलीत. पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का, त्यात गावाचं नाव जुन्या पद्धतीनं शोलापूर. किंमत ७५ न.पै., म्हणजे नवे पैसे. लेखकाचं नाव टोपणनाव आहे हे वाचताक्षणी कळतं. साल कुठंच नाही. आणि समासात पेन्सिलीनं वाचकांच्या गप्पा, एकानं लिहिलंय की इन्स्पेक्टरवर भरवसा ठेवू नका, त्याखाली दुसऱ्या अक्षरात की असलं आधी सांगू नये, आणि पुढच्या प्रकरणात तिसऱ्यानं लेखकाचीच चूक काढलीय की बंदुकीत सहा गोळ्या होत्या, सातवी कुठनं आली. एकमेकांना कधी न भेटलेली ही माणसं एका गोष्टीवर इतका जीव टाकून बोलतायत, यालाच फॅन्डम म्हणतात.

बाहेरच्या देशात हे जरा रीतसर झालं. अमेरिकेत १९२६ ला निघालेल्या एका विज्ञानकथा मासिकानं वाचकांची पत्रं पत्त्यासकट छापली, मग वाचक एकमेकांनाच लिहायला लागले, १९३० पासून स्वतःचे हातानं काढलेले अंक निघाले, १९३९ ला न्यूयॉर्कला पहिलं जागतिक संमेलन झालं, जपानमध्ये १९७५ ला चाहत्यांनी काढलेल्या कॉमिक्सचा बाजार सुरू झाला तो आजपण भरतो. आपल्याकडं चाहत्यांचे अंक असे फारसे निघाले नाहीत. सायक्लोस्टाइल करून अंक काढायचं वेड होतं पण ते कवितेकडं गेलं, १९५४-५५ च्या सुमारास मुंबईत लघुनियतकालिकं सुरू झाली तिथून. रहस्यकथेचा वाचक दिवाळी अंकावर भागवत राहिला, ती परंपरा १९०९ पासूनची.

स्वतंत्र प्रकाशन मात्र सोलापूरला नवीन नाही, हे इथल्याच लोकांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम सांगतो. १९४३ मध्ये तिलोयपण्णत्ती या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग सोलापुरातून निघाला, जीवराज जैन ग्रंथमालेचं ते पहिलं पुस्तक. विश्वाची रचना, द्वीप, समुद्र, स्वर्ग-नरक यांची मापं देणारा हा ग्रंथ, तो बाजारात किती खपेल याचा हिशोब न करता एका गावातल्या लोकांनी देणगीच्या पैशावर, जाणकार संपादकांकडून पाठ तपासून घेऊन छापला. ज्यावर आपलं प्रेम आहे ते नीट छापायचं, एवढंच. आजचा छोटा प्रकाशक याहून वेगळं काय करतो मला सांगा. शहराच्या पूर्व भागात तेलुगू पिक्चर लागला की बॅनर, हार, ढोल-ताशा असतोच, कन्नड वाचणारेपण इथं भरपूर, म्हणजे मराठी-हिंदी धरून चार भाषांतली हौस एका गावात आहे. फक्त ती कागदावर कमी उतरली.

आता मूळ मुद्दा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुदत होती लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं, मोजायची पुढच्या १ जानेवारीपासून. रवींद्रनाथ टागोर १९४१ ला गेले, म्हणजे ३१ डिसेंबर १९९१ ला त्यांचं लेखन सगळ्यांसाठी मोकळं होणार होतं. त्यांच्या पुस्तकांचे हक्क त्यांनीच उभारलेल्या विद्यापीठाकडं होते. मुदतवाढीची मागणी झाली आणि डिसेंबर १९९१ च्या शेवटच्या दिवसांत वटहुकूम निघाला, १९९२ ला कायद्यात दुरुस्ती झाली, पन्नासाची साठ वर्षं. एका कवीसाठी केलेला बदल, पण लागू झाला देशातल्या प्रत्येक लेखकाला, प्रत्येक भाषेला, आणि तेव्हा जे हक्क शिल्लक होते त्या सगळ्यांना. १९९२ पासून २००१ पर्यंत दहा नवी वर्षं उजाडली आणि त्यातल्या एकाही १ जानेवारीला, मृत्यूपासून मोजायच्या हिशोबानं, एकपण लेखक मोकळा झाला नाही. दहा वर्षांनी परत वाढ मागितली गेली ती मात्र दिली नाही, आणि २००२ पासून टागोर कुणीही छापू लागलं, त्यानं कुणाचं काय बिघडलं ते मला तरी दिसलेलं नाही.

मराठीत याचा अर्थ काय झाला बघा. साने गुरुजी जून १९५० ला गेले. जुन्या हिशोबानं श्यामची आई १ जानेवारी २००१ ला मोकळं झालं असतं, झालं २०११ ला. ते झाल्यावर किती प्रकाशकांनी ते काढलं, किती किमतींत, किती आकारांत, प्रदर्शनात फेरी मारली की दिसतं. वारसांना दहा वर्षं जास्त मानधन मिळतं ही दुसरी बाजू आहे, आणि ज्यांची पुस्तकं चालू आहेत त्यांच्यापुरती ती खरीपण आहे. पण शंभरातली बहुतेक पुस्तकं चालू नसतात. ती छापत कुणी नाही, मानधन कुणाला जात नाही, आणि तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर १९९६ ला गेले, म्हणजे त्यांचं लेखन मोकळं होणार १ जानेवारी २०५७ ला. पन्नासच राहिली असती तर २०४७. ज्यांनी ती पुस्तकं भाड्यानं आणून वाचली त्यांच्यासाठी ही दहा वर्षं लई मोठी आहेत, आणि वर्तमानपत्राच्या दर्जाच्या त्या कागदासाठी त्याहून मोठी, कारण तो आत्ताच कडेनं मोडायला लागलाय.

यात एक वाट आहे जी बऱ्याच जणांना माहीत नाही. टोपणनावानं छापलेलं पुस्तक असेल आणि खरा लेखक कोण हे मुदतीच्या आत उघड झालं नसेल, तर साठ वर्षं मृत्यूपासून मोजत नाहीत, प्रकाशनापासून मोजतात. रहस्यकथांच्या बाजारात टोपणनावं भरपूर, म्हणजे ही वाट रुंद आहे. अडचण एवढीच की पुस्तकावर साल नसतं. मग फॅन लोकांचं खरं काम सुरू होतं. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक साधारण १९५७ च्या आधीचं, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. न.पै. म्हणजे नवे पैसे लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ मधलं, जून १९६४ पासून त्यातलं नवे गेलं आणि नुसते पैसे राहिले. प्रकाशकाचा पत्ता गिरगाव, मुंबई ४ असा असेल तर पिनकोडच्या आधीचा, ४०० ००४ असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचा. मागच्या पानावर आगामी म्हणून कुठल्या पुस्तकांची जाहिरात आहे ते बघायचं, लायब्रीच्या शिक्क्यात तारीख असेल तर सोनंच. वर सांगितलेली ती ७५ न.पै.ची प्रत या हिशोबानं फार तर १९६४ ची धरता येते, म्हणजे लेखकाचं खरं नाव कुठं उघड झालेलं नसेल तर १ जानेवारी २०२५ ला ती मोकळी झाली. असं एकेक पुस्तक सुटं करत बसणारी माणसं आहेत आणि त्यांच्या वह्या बघितल्या की मला फार भारी वाटतं.

मजकूर सुटला तरी मुखपृष्ठ सुटत नाही. चित्राची मुदत चित्रकाराच्या मृत्यूपासून मोजतात, हक्क प्रकाशकाचा का चित्रकाराचा हा परत वेगळा वाद. मुखपृष्ठं काढणारे चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ ला गेले, पन्नास वर्षं असती तर त्यांची चित्रं २०२२ लाच मोकळी झाली असती, आता २०३२ ची वाट बघायची. त्यामुळं आज जो कुणी मजकूर परत काढतो तो नवीन मुखपृष्ठ करून घेतो, आणि जुन्या वाचकाला तर तेच जुनं पिस्तूल आणि तीच हिरव्या चेहऱ्याची बाई हवी असते.

लेखक माहीत आहे, गेलाय, पण वारस सापडत नाहीत, अशा पुस्तकांसाठी कायद्यात सोय आहे. कलम ३१अ, आधी ते फक्त अप्रकाशित लेखनाला होतं, २०१२ च्या दुरुस्तीनं प्रकाशित पुस्तकांनापण लागू झालं. अर्ज करण्याआधी इंग्रजी दैनिकात, आणि भाषांतर काढायचं असेल तर त्या भाषेतल्या दैनिकातपण, जाहिरात द्यायची, मग कॉपीराइट मंडळाकडं अर्ज, मंडळ ठरवेल ती रक्कम भरायची. पुढं ते मंडळच दुसऱ्या मंडळात विलीन झालं, २०२१ ला तेपण बंद करून काम कोर्टांकडं दिलं. दीडशे प्रती काढणाऱ्याचा सगळा खर्च एका जाहिरातीत जातो, कोर्टाचं तर नावच नको. जुन्या प्रकाशकांनी लेखकाला एकरकमी पैसे देऊन हक्क घेतल्याचे प्रकार बरेच, त्यांचे कागद कुठं आहेत ते प्रकाशकाच्या नातवालासुद्धा माहीत नसतं, आणि विचारायला गेलं की यात काहीतरी पैसा असणार म्हणून तो आधी नाही म्हणतो.

दरम्यान लोकांनी आपापला मार्ग काढला. रद्दीतून उचललेल्या प्रती स्कॅन करून पीडीएफ फिरायला लागल्या. हे कायद्यात बसत नाही. पण गिरण्या बंद पडल्या, केबल आलं, लायब्र्या उठल्या आणि पुस्तकं किलोवर गेली, तेव्हा कुणी ती उचलली नसती तर आज काय छापायचं हा प्रश्नच उरला नसता, माझं मत स्पष्ट आहे की स्कॅन करणाऱ्यांचे उपकार आहेत. तीच पीडीएफ छापून दामदुप्पट विकणारे वेगळे, त्यांचं समर्थन नाही.

टायपिंगचा एक घोळ अजून चालू आहे. डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर पानं लावणारे, मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बसवतात, ती फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसती चिन्हं, म्हणजे वीस वर्षांपूर्वी टाइप केलेलं पुस्तक परत टाइप करायचं किंवा कन्व्हर्टरमधून काढून एकेक जोडाक्षर तपासायचं. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांत, मराठी पुस्तकं यायला लागली आणि तिथं युनिकोडशिवाय, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखीच दिसणाऱ्या अक्षरांशिवाय, चालत नाही, तेव्हापासून नवीन लोक सुरुवातच युनिकोडनं करतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, त्याला पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा.

सगळ्यात ताजा फटका टपालाचा. छोटा प्रकाशक दुकानावर जगत नाही, पोस्टावर जगतो, आणि डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट एकदम बंद झालं. सवलतीचा दर गेला आणि शंभर रुपयाच्या पुस्तकाला कुरियरचे पैसे जड व्हायला लागले. ओरड झाली, १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट ही टपालखात्याची पुस्तकांसाठीची सेवा सुरू झाली, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोला १०० रुपये, वर कर. त्यात अट अशी की पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव पाहिजे, किरकोळ सूचना आणि पुस्तकांची यादी सोडली तर आत जाहिराती चालत नाहीत, आणि ठराविक काळानं निघणारं प्रकाशन चालत नाही. म्हणजे रहस्यकथेचं एकटं पुस्तक जाईल. चाहत्यांनी दर तीन महिन्यांनी काढायचा ठरवलेला अंक जाणार नाही, आणि जुन्या पुस्तकामागची आगामी पुस्तकांची जाहिरात जशीच्या तशी छापली तर काउंटरवरचा माणूस काय म्हणेल हे ज्या त्या पोस्टात विचारूनच ठरवावं लागतंय.