कोळसा उपकर (भारत)

दगडी कोळसा, लिग्नाइट आणि पीट यांवर केंद्र सरकारने १ जुलै २०१० पासून वजनाच्या हिशेबाने बसवलेला कर. ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ हे त्याचे मूळ नाव. २०१६ मध्ये ते ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’ असे झाले. हवामान धोरणाच्या अभ्यासात या उपकराला महत्त्व आहे, कारण प्रदूषक इंधनावर किंमत बसवणे आणि त्या पैशातून नव्या तंत्रज्ञानाला आधार देणे या दोन्ही गोष्टी भारतात प्रथम मोठ्या प्रमाणावर येथे एकत्र आल्या.

प्रदूषणाचा समाजावर पडणारा खर्च करातून वसूल करावा, हा विचार इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडला आणि कार्बन कराची (इंधनातून निघणाऱ्या कार्बनच्या प्रमाणात आकारल्या जाणाऱ्या कराची) वंशावळ सामान्यतः तेथूनच सांगितली जाते. भारतीय उपकराचा उगम मात्र निधी उभारण्याच्या गरजेत अधिक दिसतो. २०१०-११ च्या अर्थसंकल्पी भाषणात तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ या तत्त्वाचा उल्लेख केला असला, तरी उपकराचा प्रस्ताव राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीला भांडवल मिळावे म्हणून मांडला होता. त्याच वर्षी जानेवारीत राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले होते आणि त्या काळी सौर वीज कोळशाच्या विजेपेक्षा कितीतरी महाग होती.

वित्त अधिनियमाच्या अनुसूचीत दर टनाला १०० रुपये होता. अधिसूचनेने निम्मी सूट दिल्याने प्रत्यक्ष आकारणी ५० रुपयांनी सुरू झाली. पुढे हा प्रत्यक्ष दर २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. देशी कोळशावर ही वसुली उत्पादन शुल्काच्या रूपाने खाणीवरच होई, आयात कोळशावर सीमाशुल्काबरोबर. मेघालयात स्थानिक आदिवासी परंपरागत हक्कांनुसार परवान्याविना जो कोळसा काढत, त्याला सूट होती.

याला कार्बन कर म्हणावे का, यावर मतभेद आहेत. २०१४-१५ च्या आर्थिक पाहणीत पेट्रोल-डिझेलवरील उत्पादन शुल्कासह हा उपकर कार्बनवरील कराच्या बाजूने मोजला आहे, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे सादर केलेल्या हवामान आराखड्यातही भारताने त्याचा दाखला दिला. आक्षेप घेणारे आकारणीच्या पायावर बोट ठेवतात. उपकर लागे तो टनावर, कार्बनवर नव्हे. भारतीय कोळशात राख पुष्कळ असते. किलोला सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्मांक धरला, तर असा एक टन जाळून ढोबळमानाने १.६ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ४०० रुपयांचा उपकर त्या वायूच्या टनामागे २५० रुपये पडतो. ६,००० किलोकॅलरीच्या आयात कोळशावर तोच बोजा १७० रुपयांच्या आसपास येतो. कमी प्रतीच्या कोळशाला जास्त भार, असा हा उलटा उतार होता. राखेचे आणि वाहतुकीचे इतर दुष्परिणाम लक्षात घेता त्याचे काहींनी समर्थन केले आहे, पण ते कार्बनच्या हिशेबात बसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार वाटतो. एका युनिट विजेसाठी साधारण ०.७ किलो कोळसा लागतो असे धरल्यास ४०० रुपयांच्या दराने युनिटमागे २८ पैसे वाढतात. ही वाढ ‘कायद्यातील बदल’ या, नव्या कराचा बोजा वीज घेणाऱ्यावर टाकू देणाऱ्या कलमाखाली वीज खरेदी करारांतून वितरण कंपन्यांकडे आणि तेथून ग्राहकाच्या बिलाकडे सरकली. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राला त्यामुळे कमी कोळसा जाळण्याचे कारण मिळाले नाही, कारण त्याची स्पर्धा मुख्यतः इतर कोळसा केंद्रांशीच होती. सौर वीज तर तशीही प्राधान्यानेच घेतली जाई. म्हणून या उपकराची खरी ताकद जमा होणाऱ्या पैशात होती, असे मानणे सयुक्तिक ठरते.

तो पैसा कोठे गेला? २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमा झाले. निधीकडे वर्ग झाले त्यांपैकी साडेएकोणतीस हजार कोटींच्या आसपास, आणि प्रकल्पांवर प्रत्यक्ष लागले सुमारे १६ हजार कोटी. उपकर आधी भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि संसदेच्या मंजुरीनेच पुढे वर्ग होतो, त्यामुळे ही गळती कायद्याला धरून झाली. धोरणाच्या दृष्टीने ती गंभीरच आहे. सौर अभियान, हरित ऊर्जा वाहिन्या (सौर-पवन वीज वाहून नेणाऱ्या तारा) यांना निधीतून मदत झाली, तशीच गंगा शुद्धीकरणासारख्या ऊर्जेशी संबंध नसलेल्या कामांनाही. उपकर विभाज्य निधीत (केंद्राने राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या करांत) मोडत नसल्याने झारखंड, ओडिशा, छत्तीसगड या कोळसा राज्यांना वाटा मिळाला नाही. खाण भागांतील गावांना या निधीचा काय उपयोग झाला, याविषयीचे लेखन तुटपुंजे आहे.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर संपला. कोळशावर टनाला ४०० रुपयेच राहिले, पण ते राज्यांच्या महसूल भरपाईसाठी. आधी स्वच्छ ऊर्जा उपकर भरलेल्या साठ्यावर पुन्हा भरपाई उपकर घेता येतो का, हा वाद ‘मोहित मिनरल्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने भरपाई उपकर वैध ठरवला आणि वजावटीची मागणी फेटाळली. पुढे करोनाकाळातील कर्जफेडीसाठी त्याची मुदत वाढली.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरील भरपाई उपकर रद्द होऊन वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्क्यांवर गेला. वजनावरचा कर किमतीवर आल्याने टनाला सुमारे तीन हजार रुपयांहून स्वस्त कोळशावरील एकूण कर घटला: हजार रुपयांच्या टनावर पूर्वी ४५० रुपये लागत, आता १८०. वीज या कराच्या कक्षेबाहेर असल्याने वीज केंद्रांना कोळशावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही.

तंत्रज्ञानाला आधार देण्याचे काम दरम्यान स्वतंत्र तरतुदींकडे गेले. सौर पॅनेल निर्मितीच्या प्रोत्साहन योजनेसाठी दोन टप्प्यांत ४,५०० व १९,५०० कोटी, आणि जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या हरित हायड्रोजन अभियानासाठी १९,७४४ कोटी रुपये ठरले. किंमत बसवण्याची बाजू जून २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट (उत्सर्जन-बचतीची प्रमाणपत्रे) व्यापार योजनेकडे आली. तिच्यात एकूण उत्सर्जनावर मर्यादा नसून उत्पादनाच्या एककामागील उत्सर्जनाचे लक्ष्य असते. पहिली लक्ष्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या उद्योगांना मिळाली; कोळशावरील वीज केंद्रे त्या यादीत नव्हती.