आवडत्या गोष्टीवरची तुमची पुस्तिका: फाइल पाठवण्याआधी वाचा

एखादी कादंबरी किंवा सिनेमा मनातून जात नाही. मग त्यातल्या पात्राची रोजनिशी लिहिली जाते, कुठेच न दाखवलेला प्रसंग सुचतो, वेगळा शेवट किंवा त्या गोष्टीतल्या गावाचा नकाशा तयार होतो. त्याची छोटी पुस्तिका छापून बांधून देणं हे आमचं आवडतं काम आहे, आणि एकच प्रत हवी असेल तरी आम्ही करून देतो. हे काम अडतं ते बहुतेक वेळा एकाच जागी: मुखपृष्ठासाठी सिनेमाचा स्क्रीनशॉट येतो आणि आम्हाला तो परत पाठवावा लागतो. त्यात तुमचे दिवस जातात, म्हणून कारण सविस्तर सांगतो.

फुल एचडी सिनेमाची एक फ्रेम 1920 × 1080 पिक्सेलची असते. छपाईला 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके, लागतो, म्हणजे ती फ्रेम कागदावर साधारण 16 × 9 सेंटिमीटरपर्यंतच नीट उतरते. ए5 पुस्तिकेचं मुखपृष्ठ उभं असतं, 14.8 × 21 सेंटिमीटर. चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कटिंगमध्ये जाणारी जादा कड, धरलं तर उंची 21.6 सेंटिमीटर. आडव्या फ्रेममधून उभा तुकडा कापला की 1080 पिक्सेल या सगळ्या उंचीला पुरवायचे, म्हणजे हाती उरतो जेमतेम 127 डीपीआय. त्यातही सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेमचं एक्स्पोजर सहसा सेकंदाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाइतकं असतं. हलणारा हात त्यात फिसकटलेलाच टिपला जातो. पडद्यावर ते जाणवत नाही, कागदावर लगेच दिसतं. तेच चित्र मेसेजिंग अ‍ॅपवरून ‘फोटो’ म्हणून आलं असेल तर आणखी दाबलं गेलेलं असतं.

“सॉफ्टवेअरने मोठं करून द्या ना,” असं बरेच जण म्हणतात. ते आम्ही करत नाही. चित्रात नसलेला तपशील सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. चेहरा मेणाचा दिसू लागतो, पापण्या एकमेकींत मिसळतात. आमच्याकडून असं मुखपृष्ठ बाहेर जाऊ नये, एवढा आग्रह आम्ही धरतो.

दुसरं कारण हक्काचं. फ्रेम, पोस्टर, पुस्तकातली चित्रं, संपूर्ण उतारे ही निर्मात्याची मालमत्ता असते. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार पुस्तकांना लेखकाच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षं संरक्षण राहतं आणि अनेक देशांत त्याहून जास्त. कायदा नुसत्या कल्पनेला नाही, तिच्या मांडणीला संरक्षण देतो. पात्रं आणि कथानक उचलून केलेलं नवं लेखनही विक्रीला काढायचं असेल, तर हक्कधारकाची लेखी परवानगी फाइलसोबत जोडा. ती नसेल तर विक्रीच्या प्रती आम्ही छापत नाही.

मग मुखपृष्ठावर काय घ्यायचं? प्रसंग पुन्हा काढू नका, त्या प्रसंगात मागे उरलेली वस्तू काढा. समजा, नायिका भर पावसात घर सोडून जाते. तिचा चेहरा काढायला गेलात तर तो अभिनेत्रीसारखा दिसतो की नाही याच्याशीच झगडत बसाल. त्याऐवजी उंबऱ्याशी राहिलेली एकच चप्पल काढा: पट्ट्याला चिखल, अंगठ्याच्या जागी पडलेला खळगा, बाजूला पाण्याचं थारोळं. गोष्ट माहीत असलेला वाचक तिथेच थांबतो आणि चित्र पूर्णपणे तुमचं असतं. आतल्या मजकुरालाही हेच लागू पडतं. नायकाची रोजनिशी लिहिली की मूळ लेखकाचीच वाक्यं नकळत परत येतात. तेच त्याला रोज पत्रं आणून देणाऱ्या पोस्टमनच्या बाजूने लिहा. त्याला काय दिसलं, काय कळलंच नाही, हे ठरवताना मूळ गोष्ट वेगळ्या कोनातून उघडते. सुरुवात करण्याआधी एक ओळ लिहून बघावी: “मूळ गोष्टीत हे सांगितलेलं नाही, ते मी सांगतो आहे.” ‘हे’च्या जागी काय येतं ते सांगता आलं, तर पुस्तिका उभी राहते. ऑर्डरच्या फॉर्मवर ही ओळ आम्ही मागतो ती याचसाठी. तीच बघून आम्ही कागद आणि आकार सुचवतो.

हाताने काढलेलं चित्र फोनने टिपण्यापेक्षा स्कॅन करा. रंगीत असेल तर 300 डीपीआय, काळ्या शाईची रेघ असेल तर 600. पेन्सिल फिकी येते, म्हणून रेघ शाईने गिरवून मग स्कॅन करावी. स्क्रीनवरचा झगझगीत निळा आणि पोपटी छपाईच्या चार शाईंमध्ये मिळत नाही, दोन्ही मंदावतात. तो रंग गोष्टीच्या दृष्टीने महत्त्वाचा असेल तर आधी एक नमुना छापून घ्या. स्कॅन केलेली फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

पृष्ठसंख्या 4 च्या पटीत हवी: 8, 12, 16, 20. सेंटर पिनच्या, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेल्या, पुस्तिकेत एका कागदाला मधोमध घडी पडली की चार पृष्ठं होतात, त्यामुळे 14 पृष्ठं पाठवलीत तर दोन कोरी राहणारच. पृष्ठं वाचायच्या क्रमाने, एकेक सुटी पाठवा. पहिलं आणि सोळावं शेजारी लावायचं काम आमचं. तुम्ही आधीच जोड्या लावल्यात तर त्या सोडवण्यात वेळ जातो. आतल्या पानांसाठी 100 जीएसएम (चौरस मीटरभर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आणि कव्हरला 250 जीएसएम चांगला बसतो, फक्त कव्हरला घडीआधी क्रीजिंग, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून पाडलेली खाच, हवं, नाहीतर घडीवर शाई तडकते. पानं वाढली की मधली बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांची कड जास्त जाते. पृष्ठांक काठापासून किमान 8 मिलिमीटर आत ठेवलात तर कापला जाणार नाही.

मजकूर युनिकोडमध्येच असू द्या आणि फाँट फाइलमध्येच एम्बेड करून (सामावून) पीडीएफ पाठवा. जुन्या फाँटमधली किंवा देवनागरीची जुळणी न जाणणाऱ्या सॉफ्टवेअरमधून निघालेली फाइल आली, तर वेलांटी एक अक्षर सरकते आणि ‘र्’चा रफार भलत्याच अक्षरावर चढतो. छापण्याआधी आम्ही प्रूफ, म्हणजे तपासायची प्रत, पाठवतो. ते स्वतः शब्दन् शब्द वाचा. तुमच्या पात्रांची नावं आम्हाला ठाऊक नसतात, त्यामुळे त्यातल्या चुका आमच्या नजरेला पडत नाहीत.

अजून काहीच ठरलं नसेल तर एका ए4 कागदापासून सुरुवात करा. आठ समान घरं होतील अशा घड्या पाडा, आडवा धरून लांबीच्या मधल्या घडीवर फक्त मधल्या दोन रकान्यांपुरती चीर द्या आणि दुमडा. ना पिन, ना गोंद, आठ पृष्ठांची छोटीशी पुस्तिका तयार होते. प्रत्येक पृष्ठ 7.4 × 10.5 सेंटिमीटर. तीवर पेन्सिलने काय कुठे येईल ते मांडा आणि तोच डमी (कच्चा नमुना) घेऊन या. कागदांचे नमुने समोर ठेवून पुढचं बसून ठरवू.